डाव रंगतो कशानं, पट उधळतो कशानं

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं, तेव्हा आम्ही घराला कुलूप लावून मिरजेला मावशीकडे गेलो. तीन खोल्या, अकरा माणसं, वीज आली तर आली. मोबाईल बातम्यांपुरता जपून वापरायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी माळ्यावरून ‘व्यापार’चा खोका निघाला. निम्म्या नोटा गहाळ होत्या, त्या वहीच्या कागदावर पेनानं लिहून केल्या. डाव अडीच तास चालला. मावसभावाचा मुलगा ओम, वय वर्षं नऊ, पहिल्या पाऊण तासातच दिवाळखोर होऊन बाहेर पडला आणि उरलेला वेळ खिडकीत बसून पाऊस बघत राहिला. काकांकडे मुंबई आणि दिल्ली दोन्ही, दोन्हींवर घरं बांधलेली. माझा भाऊ त्यांच्याकडे उसने मागतोय, काका व्याजाचा दर सांगतायत. शेवटी भाऊ म्हणाला, “आमचं घर पाण्यात गेलंय आणि तुम्ही इथं भाडं मागताय?” आणि पट उलटा झाला.

संध्याकाळी आजीनं मागच्या पडवीत खडूनं चंगा-अष्ट्याचा पट, म्हणजे पाच बाय पाच घरांचा चौकोन आखला. चारी बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मध्यावर फुल्या मारल्या. दोन चिंचोके बत्त्यानं फोडून त्यांच्या चार डाळी केल्या, एका बाजूनं चॉकलेटी, दुसऱ्या बाजूनं पांढऱ्या. सोंगट्या म्हणून बांगडीचे तुकडे, शेंगांची टरफलं, खडे आणि बटणं. चार बाजूंना दोन-दोन, तीन-तीन जण बसले.

तीच माणसं, तोच पाऊस, घराची काळजी तीच. दुपारी ज्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, ते रात्री अकरा वाजता एकमेकांच्या सोंगट्या मारून टाळ्या देत होते. तेव्हापासून मला एक खोड लागलीय. कुठलाही पट हाती आला की चित्रं नंतर बघते, नियमांचं पान आधी वाचते. कारण माणसांचे स्वभाव एका दुपारीत बदलत नाहीत. त्या घरात दुपारपासून रात्रीपर्यंत बदललं होतं ते एवढंच पान.

खेळ रचणाऱ्यांच्या जगात याची एक सरळ मांडणी आहे. रॉबिन ह्युनिके, मार्क लेब्लँक आणि रॉबर्ट झुबेक या तिघांनी २००४ मध्ये ती एका निबंधात लिहून काढली. खेळाचे तीन थर धरायचे. सगळ्यात खाली नियम: फासे किती, पाळी कुणाची, सोंगटी मेली तर पुढे काय. त्याच्यावर वागणूक: ते नियम घेऊन माणसं बसली की जे घडायला लागतं ते सगळं, म्हणजे घासाघीस, साटंलोटं, टाळाटाळ, सूड. आणि सगळ्यात वर भावना: धाकधूक, चुरस, चीड, कंटाळा. गंमत अशी की रचणाऱ्याचा हात फक्त खालच्या थराला पोचतो आणि खेळणाऱ्याला आधी जाणवतो तो वरचा. आमच्या भडंगवाल्याचंही तसंच. त्याच्या हातात चुरमुरे, लसूण, तिखट आणि शेंगदाणे. ‘झणझणीतपणा’ नावाचा जिन्नस त्याच्या कुठल्याच डब्यात नसतो, तरी गिऱ्हाईक मागतं तोच.

आता लुडो घ्या. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही. हा नियम आपल्या इतका अंगवळणी पडलाय की तो कुणीतरी ठरवलेला आहे हेच विसरायला होतं. त्याचं गणित मांडून बघू. एका दानात सहा न पडण्याची शक्यता सहांत पाच. सलग दहा दानांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता निघते साधारण १६ टक्के, म्हणजे एकट्यापुरतं बघितलं तर सहा डावांत एखाद्या वेळी. फार वाटत नाही. पण पटावर चौघं असतात. चौघांपैकी निदान एकावर तरी ही वेळ येण्याची शक्यता काढली, की आकडा ५० टक्क्यांच्या किंचित वर जातो. लुडोच्या दर दोन डावांपैकी एकात कुणीतरी दहा वेळा फासा टाकून दहाही वेळा हात चोळत बसणार, हे डाव मांडायच्या आधीच ठरलेलं आहे. ते ‘कुणीतरी’ लहान मूल असलं की आपण त्याला संयमाचे धडे देतो.

हा लुडो मुळात आपल्याच पच्चिशीवरून घेतलेला. इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये त्याचं पेटंट झालं. तिकडे जाताना कवड्या गेल्या आणि एक फासा आला. वरवर किरकोळ वाटणारी ही अदलाबदल, पण तिनं खेळाची चवच बदलली. फाशाला एक ते सहा सगळे आकडे सारखेच. कवड्यांचं किंवा चिंचोक्यांचं तसं नाही. आजीच्या चार डाळींचं बघा. प्रत्येक डाळ उताणी किंवा पालथी, म्हणजे एकूण सोळा तऱ्हा. त्यांपैकी सहा तऱ्हांनी ‘दोन’ पडतात, चार तऱ्हांनी ‘एक’, चार तऱ्हांनी ‘तीन’. चारही उताण्या पडल्या तर चंगा, म्हणजे चार. चारही पालथ्या पडल्या तर अष्टा, म्हणजे आठ. या दोघांची फक्त एकेक तऱ्हा. चिंचोका काही नाण्यासारखा समतोल नसतो, त्यामुळे हे आकडे अंदाजाचे. पण अंदाज पुरेसा आहे. सोळांतली चौदा दानं एक, दोन, तीन अशी घरगुती. खेळणारा डोक्यात हिशेब मांडू शकतो की मागची सोंगटी तीन घरांवर आहे, सांभाळायला हवं. आणि आठांतून एकदा चंगा किंवा अष्टा पडून सगळा हिशेब उधळतो, वर आणखी एक दान मिळतं. म्हणून पडवीत दर थोड्या वेळानं आरोळी उठते. (वाळवा तालुक्यात आष्टा नावाचं गावच असल्यामुळे अष्टा पडला की ‘आली एसटी!’ असं ओरडायची आमच्या घरची रीत आहे. हा नियम नव्हे, पण त्याशिवाय आमच्याकडे डाव होत नाही.)

नेहमीचं थोडंफार अंदाजात आणि अचाट ते क्वचित, अशी दानांची रचना असली की माणूस दोन्हीकडून सापडतो. विचार केल्याचं समाधानही मिळतं आणि चमत्काराची आशाही सुटत नाही.

आजीच्या पटावर आणखी एक नियम होता, आणि माझ्या मते त्या रात्रीचा खरा कर्ता-करविता तोच. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय बाहेरच्या फेरीतून मध्याकडे नेणाऱ्या आतल्या फेरीत शिरता येत नाही. वाचायला क्रूर वाटतो. पण त्यामुळे होतं काय, की ‘तू मलाच का मारलंस’ हा प्रश्नच निकालात निघतो. मारणं हा जकातनाका आहे, प्रत्येकाला भरायचाच आहे. शिवाय मेलेली सोंगटी पुन्हा आपल्या फुलीवरून निघते आणि बाहेरची फेरी अवघी सोळा घरांची. पाच मिनिटांत तुम्ही परत मैदानात. सूड घ्यायची सोय हाताशी असली की राग साठत नाही.

‘व्यापार’मध्ये नेमकं उलटं. तिथं पैशाकडे पैसा जातो ही म्हणच नियम म्हणून बसवलीय. जागा घेतली की भाडं, भाड्यातून घर, घरामुळे आणखी भाडं. सुरुवातीला दोन-तीन दानं चांगली पडलेला माणूस तासाभरात इतका पुढे जातो की निकाल सगळ्यांना दिसतो, आणि तरी डाव संपत नाही. निकाल कळल्यानंतरचं खेळणं म्हणजे कंटाळा, आणि ज्याला त्यातही भाडं भरत राहावं लागतं त्याच्यासाठी अपमान. खेळ रचणारे या प्रकाराला बर्फाचा गोळा म्हणतात. घरंगळेल तसा मोठा होत जाणारा.

पण या खेळाला नुसतं फसलेला म्हणून मोकळं होता येत नाही, कारण त्याची कुळकथा वेगळीच आहे. ‘व्यापार’ ज्या ‘मोनोपॉली’च्या घराण्यातला, तिची मूळ आई म्हणजे एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाई. त्यांनी १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट मिळवलं. जमीनमालक नुसत्या भाड्यावर कसा गब्बर होतो आणि बाकीचे कसे नागवले जातात, हे लोकांना अनुभवानं कळावं हा त्यांचा हेतू. हेन्री जॉर्ज या अर्थचिंतकाच्या त्या अनुयायी. पुढे १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सनं चार्ल्स डॅरो यांच्या नावानं ‘मोनोपॉली’ बाजारात आणली. मॅगीबाईंना पेटंटचे ५०० डॉलर मिळाले. म्हणजे माझ्या भावाला आलेली चीड ही खेळातली खोट नव्हतीच, रचणाऱ्या बाईंना तीच हवी होती. धडा घ्यायचा होता तो काकांनी. त्यांना मात्र मुंबई फारच आवडली.

यात आपण घरोघरी दयेपोटी दुरुस्त्या करतो आणि दुखणं वाढवून ठेवतो. दंडाचे, कराचे पैसे मधे साठवायचे आणि अमुक घरावर येईल त्यानं उचलायचे, ही त्यातलीच एक. बुडणाऱ्याला चार पैसे मिळतात, पण तो बुडायचा काही राहत नाही. फक्त डाव तासभर लांबतो. ‘मोनोपॉली’च्या मूळ नियमात तर एखाद्यानं जागा घ्यायला नकार दिला की तिचा तिथंच लिलाव करायचा असतो. लिलाव केला की जागा झटपट जातात, हुशारीला वाव मिळतो, खेळ आटपतो. पण लिलावाचा नियम पाळणारं घर माझ्या तरी बघण्यात नाही.

बाद होण्याविषयी आपल्या मुलांनी फार पूर्वी एक तोड काढलीय, तिचं नाव लिंबूटिंबू. लपंडाव असो की विषामृत, लहानग्याला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण आउट धरायचं नाही. अंगणातल्या कुठल्याही पोराला जे कळतं, ते खोक्यातल्या खेळांना कळायला बराच काळ जावा लागला. गेल्या चाळीसेक वर्षांत, विशेषतः जर्मनीतून आलेल्या खेळांनी हे मनावर घेतलं. क्लाउस टॉयबर यांचा १९९५ चा ‘कटान’ हा त्यातला सगळ्यांत गाजलेला. त्यात कुणी बाद होतच नाही. कुणीतरी दहा गुणांना पोचला की सगळ्यांचाच डाव एकदम संपतो. त्याहून मला आवडते ती दुसरी युक्ती. षट्कोनी जमिनींवर आकडे असतात. दोन फासे टाकायचे; बेरीज येईल त्या आकड्याच्या जमिनीवर ज्याची वस्ती, त्याला तिथलं पीक. पाळी कुणाचीही असो. त्यामुळे फासा शेजारी टाकतोय आणि श्वास माझा अडकलाय, असं सतत चालू राहतं. दोन फाशांच्या ३६ तऱ्हांपैकी सहांत सात येतात, दोन किंवा बारा फक्त एकेका तऱ्हेनं. म्हणून साताला लागून असलेल्या सहा आणि आठच्या जमिनींसाठी झुंबड उडते आणि सात आले की पीक नाही, चोर येतो. ‘व्यापार’मध्ये दुसऱ्याच्या पाळीला तुम्ही चहा करून येऊ शकता. ‘कटान’मध्ये चहा करपतो.

सांगलीत पटाविषयी बोलायचं आणि बुद्धिबळ टाळायचं, हे काही जमणार नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये सुरू केलेलं नूतन बुद्धिबळ मंडळ, उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या स्पर्धा, स्वाती घाटेंसारखी महिला ग्रँडमास्टर. या गावात ‘पट’ म्हटलं की आधी चौसष्ट घरं डोळ्यांपुढे येतात. आणि एक नियम बदलला की खेळणारा माणूस कसा बदलतो, याचं बुद्धिबळाइतकं चोख उदाहरण दुसरं नाही. जुन्या शतरंजमध्ये वजीर तिरपा एकच घर चालायचा, अगदी मरतुकडा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आजची चौफेर चाल मिळाली, उंटालाही लांबचा पल्ला मिळाला, आणि पाचव्या-सहाव्या चालीतच मात होण्याची भीती खेळात आली. आपल्या देशी पद्धतीत मात्र प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्तीची एकत्र चाल, नव्हतं, त्याऐवजी शह बसला नसेल तर राजाला एकदा घोड्याची चाल. दोन्ही फौजा एकमेकींना भिडायलाच वेळ लागायचा. त्या पद्धतीत वाढलेले मीर सुलतान खान इंग्लंडला गेले आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश विजेते झाले. सुरुवातीच्या चालींत ते कच्चे आणि शेवटाला भारी, असं त्यांच्या खेळाचं वर्णन केलं जातं. प्याद्याच्या एका घराच्या नियमानं त्यांना जणू तसंच घडवलं होतं.

बुद्धिबळात हरलं की मात्र सांगायला काही उरत नाही. दान नाही, पत्ते नाहीत, वारा आडवा आला असंही म्हणता येत नाही. फासा असला की हरणाऱ्याची लाज राखली जाते, आणि जिंकणाऱ्यालाही फार माजता येत नाही. आणखी एक सोय म्हणजे मुद्दाम हरता येतं. कराड तालुक्यातल्या पालला दर पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं. त्याच खंडोबाच्या लोककथेत तो म्हाळसेशी सारीपाट खेळताना हरतो आणि पणापायी घर सोडून बाणाईकडे मेंढ्या राखायला जातो. देव मुद्दाम हरला असणार, ही शंका मला लहानपणापासून आहे. पण म्हाळसेला ते पटावर सिद्ध कसं करता येणार? बुद्धिबळ असतं तर तिसऱ्याच चालीला तिनं पकडलं असतं.

कॅरमबद्दल एकच सांगते, कारण तिथला राणीचा नियम मला अजून हेवा वाटावा असा वाटतो. राणी घेतली की लगेच आपली एक सोंगटी घालून ती कव्हर करायची, नाहीतर राणी परत बोर्डावर. एका नियमात हाव, भीती आणि नेम तिन्ही आले. असं एका ओळीत बसवणं फार अवघड असतं.

आता एकमेकांविरुद्ध खेळायचंच नाही, सगळ्यांनी मिळून पटाशी लढायचं, असेही खेळ आहेत. मॅट लीकॉक यांचा २००८ चा ‘पँडेमिक’ त्यातला नामांकित. ४८ शहरांत रोग पसरतायत, तुम्ही सगळे डॉक्टर-संशोधक. त्यातली एक चलाखी बघण्यासारखी आहे. रोग कुठे पसरला ते पत्ते उलगडून कळतं, आणि साथीचं पान निघालं की आधी उलगडून झालेले पत्ते पिसून गठ्ठ्याच्या तळाला न घालता वरच ठेवायचे. म्हणजे जी शहरं आधीच पोळलीत, तीच पुन्हा निघणार. कागदाचे पत्ते, त्यांना अक्कल नाही. पण खेळताना वाटतं की रोगाला आपली दुखरी जागा ठाऊक आहे.

पुरानंतर मी तो खेळ आणला, भांडणं टळतील म्हणून. भांडणं टळलीही. फक्त खेळले एकटे काका. “तू इकडे जा, तू औषध तिला दे, ओम तू थांब.” सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसत असले आणि ध्येय एकच असलं, की घरातला सगळ्यांत ठाम आवाज सगळ्यांच्या पाळ्या खेळतो. याला दोष काकांचा म्हणावा, तर तसाच अनुभव जगभरच्या खेळणाऱ्यांनी सांगितलाय. त्यावरचा एक सुंदर उतारा म्हणजे अँटोइन बौझा यांचा ‘हनाबी’. त्यात आपले पत्ते आपल्याला न बघता, तोंड दुसऱ्यांकडे करून धरायचे आणि सूचनाही मोजूनमापून द्यायच्या. माझ्या हातात काय आहे ते मलाच ठाऊक नाही, तिथं मी हुकूम काय सोडणार? आमच्या घरी पहिल्यांदाच काकांनी ओमला विचारलं, “आता मी काय टाकू?”

त्याच वर्षी दिवाळीत सगळे आमच्याकडे जमले. भिंतींना पुराची ओल होती, पण लुडोचा पट नवा होता. मी ठरवलं, सहाचा नियम सुधारायचा. आधी म्हटलं, तीन दानांत सहा पडले नाहीत तर चौथ्याला सोंगटी फुकट बाहेर. दोन डाव तसे खेळलो. कुणी रुसलं नाही, आणि कुणी ओरडलंही नाही. आजी म्हणाली, “सहाला किंमतच ठेवली नाहीस गं.” खरंच होतं. धाकधूक काढताना मी आरोळीही काढून टाकली होती.

मग दुसरा प्रयोग. प्रत्येक वाया गेलेल्या दानाला एक चिंचोका घ्यायचा, आणि सोंगटी बाहेर निघाल्यावर हवा तेव्हा एका चिंचोक्याला एक घर जादा चालायचं. माझ्या मते हे नामी होतं. वाट बघण्याचा मोबदलाही मिळणार आणि सहाची किंमतही राहणार. पहिल्याच डावात ओम सात दानं घरात अडकला. पुढ्यात सात चिंचोके. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, रडतो की काय म्हणून. तो फासा मुठीत धरून पुटपुटत होता. जवळ जाऊन ऐकलं तर म्हणत होता, “सहा नको, सहा नको, अजून तीन होऊ देत.”